राहिलं

बाईला दिवस गेले, असं म्हणतात आपल्यात.
माझे खरंच गेले.
सहाव्या आठवड्यापासून एकविसाव्यापर्यंत,
कोपरखैरणे, सेक्टर अठरा,
पडदे ओढलेल्या खोलीत
निळ्या बादलीच्या कडेला गाल टेकवून.

पेडणेकर वहिनी म्हणाल्या, सगळ्यांनाच होतं गं, लिंबू हुंग.
सासूबाई म्हणाल्या, उलट्या जास्त म्हणजे जावळ दाट.
(तन्मयी जन्मली ती टक्कल घेऊन.)

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटात हिशेब लिहिते.
आठ वर्षं मिरचीच्या पोत्यांमध्ये बसून
कधी शिंकलेही नव्हते,
आणि त्या महिन्यांत
चौथ्या मजल्यावर कुणी हिंग टाकला
की मी दुसऱ्यावर कोसळायचे.
आधी निनादचा साबण बदलला,
मग निनादच बाहेरच्या खोलीत गेला.
स्वतःच्या थुंकीलाही वास असतो,
तोवर कुठे माहीत होतं?

अकरा किलो गेले.
लघवीत किटोन. शीर सापडेना.
शैला सिस्टर मनगटावर टिचक्या मारत म्हणायची,
"ये गं बाई, ये वर."
शिरेला. मला नव्हे.

डोहाळजेवणाला मोगऱ्याचे दागिने.
एका फोटोत मी हसतेय.
पुढच्या फोटोत खुर्ची रिकामी आहे.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही.
एका पहाटे मी पोटाला म्हणाले होते,
जा.
तू जा, म्हणजे हे थांबेल.
ती गेली नाही.
आता चार वर्षांची आहे, शेपूची भाजी मागून खाते,
आणि तिच्या कपाळाची पापी घेताना
ते 'जा' अजून माझ्या ओठांना लागतं.

तीच आता विचारते, आपलं बाळ कधी आणायचं?
निनाद म्हणतो, तू म्हणशील तसं.
किती सभ्य वाक्य.
सगळं वजन माझ्याच बाजूला घरंगळतं त्यात.
डॉक्टर कुंटे म्हणतात, पुन्हा होण्याची शक्यता बरीच आहे,
पण या वेळी औषधं आधीपासून देऊ.
'बरीच' आणि 'पण' यांच्या मधल्या जागेत
मी दोन वर्षं उभी आहे.
रात्री एमआयडीसीकडून तो गोडसर वास आला
की अजून दचकून तारखा मोजते.

परवा गॅसच्या पुस्तकामागे एक वही मिळाली.
निनादचं अक्षर.
'६.१० पाणी, दोन चमचे. राहिलं.
७.०० बर्फ. नाही राहिलं.
९.३० डाळिंबाचे सात दाणे. चार राहिले.'
अशी एकशे दोन दिवसांची पानं.
मला वाटायचं, तो बाहेर मोबाइल बघत बसलाय.

आणि शेवटच्या पानावर, वेगळ्या पेनाने:
'फोडणी बंद. डबा बाहेरून.
तन्मयीची शाळा माझ्याकडे.
तिच्या रजेचं शेठना विचारणे.
ती नाही म्हणाली तर नाही.'
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

वही होती तिथेच ठेवली.
त्याला काही बोलले नाही, कारण बोलले असते
तर रडले असते, आणि रडून दिलेला होकार
मला नको होता. नकारही नको होता तसा.

आज रविवार. स्टूल घेऊन
माळ्यावरून ती निळी बादली काढली.
आत जुने चिमटे होते, एक मेलेली पाल.
घासली. दोनदा घासली.
नाक आत घालून पाहिलं:
प्लास्टिक. फक्त प्लास्टिक.
गॅलरीत पालथी घातली.
निनाद कांदा चिरत होता, त्याची सुरी थांबली,
मग पुन्हा चालू झाली, जरा हळू.

"ही कुणाची?" तन्मयीने विचारलं.
माझी.
"परत वर ठेवायची?"
राहू दे, म्हटलं.
अजून ओली आहे.